आधी पदाचे नाव छापा

निकाल लागले की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि एस.टी. स्थानकांभोवतीच्या भिंतींवर जाहिराती झळकू लागतात. टायपिंग, टॅली, इंग्रजी संभाषण यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक नवी जाहिरात आली आहे : जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) आणि रिमोट सेन्सिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कुठे तीन महिन्यांचा, कुठे सहा महिन्यांचा, कुठे फक्त शनिवार-रविवारचा. फी काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत. ही जाहिरात प्रामुख्याने भूगोल घेऊन बी.ए. किंवा एम.ए. झालेल्या मुलामुलींसाठी असते. पदवी हातात आहे, नोकरी नाही, स्पर्धा परीक्षेची दोन वर्षे गेली आहेत आणि घरातून विचारणा सुरू झाली आहे, अशा वेळी ती वाचली जाते. म्हणून या प्रमाणपत्राला खर्च किती आणि त्याचा उपयोग किती, हे स्पष्ट बोलण्याची गरज आहे.

या क्षेत्रातली मागणी खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहिती यांवरची परवानग्यांची जुनी बंधने भारतीय संस्थांपुरती उठवली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालकी हक्काचे कागद देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात असा प्रयोग करून पाहिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरांतल्या जमिनींच्या मोजणीसाठी 'नक्शा' कार्यक्रम देशातल्या १५२ नगरपालिका-महापालिकांत सुरू झाला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भूस्थानिक मिशनसाठी १०० कोटींची तरतूद झाली. आपल्याकडे ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याच्या मोबाइलमधून पिकाची नोंद स्थानासह सरकारकडे जाते. नकाशाचे काम वाढले आहे आणि पुढेही वाढणार आहे. प्रश्न आहे तो हे काम कोणाला मिळते, याचा.

या प्रश्नाचे उत्तर सरकारी जाहिरातीत सापडते, आणि ते भूगोलाच्या विद्यार्थ्याने नीट वाचले पाहिजे. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने २०२१ च्या अखेरीस भूकरमापक तथा लिपिक या पदांसाठी हजारभर जागांची जाहिरात काढली. महाराष्ट्रात जमीन मोजणे आणि नकाशा ठेवणे हे ज्या खात्याचे कामच आहे, त्याची ही भरती. पात्रता काय होती? स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावी आणि त्यानंतर आयटीआयचा सर्वेक्षक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सोबत मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाची प्रमाणपत्रे. तीन वर्षे भूगोल शिकून, स्थलदर्शक नकाशे वाचून, प्लेन टेबल आणि होकायंत्राने सर्वेक्षणाची प्रात्यक्षिके करून, वर जीआयएसचे प्रमाणपत्र घेतलेला पदवीधर त्या जाहिरातीत कुठेच नव्हता. त्याला अर्जही करता आला नाही. दहावीनंतर तालुक्याच्या आयटीआयमध्ये दोन वर्षे काढलेला त्याचाच वर्गमित्र मात्र पात्र होता.

आयटीआयच्या मुलावर यात अन्याय नाही, उलट त्याने योग्य निवड केली. साखळी, थिओडोलाइट, टोटल स्टेशन ही त्याने हाताळलेली साधने आहेत आणि शेताच्या बांधावर उभे राहून मोजणी करणे हे त्याचे शिक्षण आहे. खेद या गोष्टीचा आहे की भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितले नाही. त्याच्या महाविद्यालयात भूगोल विभाग आहे, प्राध्यापक आहेत, प्रमाणपत्राचे माहितीपत्रक आहे, आणि या साऱ्यांत राज्यातली नकाशाची सर्वांत मोठी भरती कोणत्या कागदावर होते याचा उल्लेख नाही. माहितीपत्रकात करिअरच्या संधी म्हणून नगररचना, कृषी, वन, आपत्ती व्यवस्थापन, संरक्षण अशी क्षेत्रांची यादी असते. क्षेत्राचे नाव म्हणजे पदाचे नाव नव्हे. वन खात्यात जीआयएस वापरले जाते हे खरे, परंतु त्यामुळे जीआयएस प्रमाणपत्रावर वन खात्यात कायम जागा निघते असे होत नाही. सरकारी यंत्रणेत हे काम बरेचदा कंत्राटी असते, प्रकल्पापुरते असते, आणि तिथेही एम.एस्सी. किंवा एम.टेक. झालेला उमेदवार शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

आता खर्चाचा हिशेब मांडू. समजा, पुण्यातल्या एखाद्या संस्थेत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि फी साठ हजार. मुलगा बीड किंवा नंदुरबारकडचा आहे. कॉट बेसिसवर खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ हजार धरले तर सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार. उपग्रहाची चित्रे उघडू शकेल असा लॅपटॉप पन्नास हजारांच्या आत येत नाही. येणे-जाणे आणि किरकोळ खर्च वेगळा. म्हणजे दीड लाखाच्या पुढे रक्कम गेली. आता समोर पहिली नोकरी पंधरा हजारांची मिळाली असे धरा. त्याच शहरात राहायचे, त्याच मेसमध्ये जेवायचे, म्हणजे हातात सात हजार उरतात. दीड लाख फिटायला जवळपास दोन वर्षे लागतील, आणि तीही मध्ये काम सुटले नाही तर. हा हिशेब काही अवघड नाही. पण तो फी भरण्यापूर्वी कागदावर मांडणारे घर विरळा. सोयाबीनचे पैसे आले किंवा सोने गहाण ठेवले, की पहिला हप्ता भरला जातो, आणि मग मुलगा अर्ध्यावर सोडूनही येऊ शकत नाही.

एवढे पैसे देऊन शिकायला काय मिळते, हा त्यापुढचा मुद्दा. चांगले अभ्यासक्रम आहेत आणि मनापासून शिकवणारे शिक्षकही आहेत. पण पुष्कळ ठिकाणी जे चालते ते असे : बारा-पंधरा संगणक, त्यांवर तीस-चाळीस मुले. शिक्षक तासिका तत्त्वावर. सरावासाठी आधीच साफसूफ करून ठेवलेली माहिती, तीही बहुधा परदेशातल्या कुठल्या शहराची. कोणते बटण दाबायचे ते फळ्यावर क्रमाने लिहिलेले. शेवटी सगळ्यांचा एकच नकाशा, एकाच रंगात, फक्त खाली नाव बदललेले. परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळते. कच्ची, मळकी, अर्धवट माहिती समोर आली तर काय करायचे, हे शिकायचे राहून जाते. आणि नोकरीत पहिल्या दिवशी येते ती अशीच माहिती.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जाते. त्याच्या पश्चिमेचा भाग यूटीएम या नकाशा-प्रक्षेपण पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो आणि पूर्वेचा ४४ व्या. अकोला, अमरावती ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा तर दोन्हींत विभागलेला आहे. पुण्याच्या नमुन्यावर शिकलेल्या मुलाला ४३ हा आकडा पाठ असतो. त्याने वर्ध्यातल्या शेततळ्यांचे ४४ व्या पट्ट्यातले निर्देशांक ४३ समजून नकाशावर टाकले, तर ती शेततळी सहा अंश पश्चिमेला सरकतात आणि वलसाडसमोरच्या समुद्रात जाऊन पडतात. निदान ही चूक डोळ्यांना दिसते तरी. अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ मोजले, किंवा जुन्या नकाशाचा एव्हरेस्ट आधार आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ आधार यांतला फरक सोडून दिला, तर चूक दिसत नाही आणि नकाशा तसाच पुढे जातो. मग दोन शेजाऱ्यांत बांधावरून वाद उभा राहतो. या क्षेत्रात माणूस घेणारा अनुभवी अधिकारी मुलाखतीत प्रमाणपत्र बाजूला ठेवून असलाच एखादा प्रश्न विचारतो. उत्तर आले तर पुढची बोलणी होतात.

दुसरी कसोटी याहून घरगुती आहे आणि ती कोणत्याही गावात घेता येते. आपल्या गावचा जुना गटाचा नकाशा स्कॅन करून संगणकावर आणायचा आणि तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा. जुन्या कागदाने ओढ घेतलेली असते, घडीवर रेघ तुटलेली असते, ओढ्याने आपली वाट बदललेली असते. मग न बदललेल्या खुणा शोधाव्या लागतात : तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी दगडी विहीर, देवळाचा कोपरा, पाणंद रस्त्याचे वळण. त्यांवर नकाशा टेकवायचा, प्रत्येक खुणेवर किती मीटरचा फरक राहतो ते पाहायचे, वाईट खूण काढून दुसरी घ्यायची. मग प्रत्येक गट आखून त्याचे क्षेत्र सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहायचे. जिथे जमत नाही तिथे का जमत नाही ते शेतावर जाऊन, जुन्या माणसांना विचारून, लिहून काढायचे. हे काम एका गावापुरते नेटाने केले की विद्यार्थ्याला जेवढे येते तेवढे कोणत्याही वर्गात बसून येत नाही. आणि ते करायला फी लागत नाही.

फी का लागत नाही, तेही सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट जाहिरातीत नसते. क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली २००२ पासून आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि जगभरच्या सरकारी कचेऱ्यांत वापरली जाते. लँडसॅटची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रेही मोफत आहेत. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ साली स्थापन झाली. ती २००७ पासून दूरस्थ अभ्यासक्रम चालवते. त्यांना फी नाही, व्याख्याने थेट चालतात आणि उपस्थिती पूर्ण केली की इस्रोच्या या संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात. परीक्षा द्यायची तर साधारण हजार रुपये. ज्या विषयाचे मूलभूत शिक्षण इतक्या स्वस्तात देशातल्या उत्तम संस्था देतात, त्यासाठी साठ हजार मागणाऱ्याने त्या साठ हजारांत जास्तीचे काय आहे हे सांगायला हवे.

जास्तीचे काही असू शकते, ते नाकारून चालणार नाही. खांद्यामागे उभा राहून चूक दाखवणारा शिक्षक, हातात घेऊन वापरता येईल असे डीजीपीएस किंवा रोव्हर यंत्र, ड्रोन उडवण्याचा प्रत्यक्ष सराव, एखाद्या महापालिकेच्या किंवा कंपनीच्या चालू प्रकल्पावर दोन-तीन महिने काम, आणि तिथल्या माणसांशी ओळख. याला पैसे पडतात आणि ते द्यावेत. मोफत व्याख्याने ऐकून सगळ्यांना शिकता येतेच असेही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यानाचा वेग झेपत नाही आणि तो तिसऱ्या आठवड्यात गळतो, हे वास्तव आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठवणार नाहीत, तिच्यासाठी जवळच्या महाविद्यालयातला दोन-पाच हजारांचा अभ्यासक्रम ही संगणकाला हात लागण्याची एकमेव संधी असते. तिथे मिळालेल्या धीराचे मोल पगाराच्या हिशेबात बसत नाही. असे छोटे वर्ग चालू राहिले पाहिजेत, त्यांना विद्यापीठांनी पैसे दिले पाहिजेत. आक्षेप आहे तो मोठ्या फीवर मोघम आश्वासन विकण्याला.

कामाच्या स्वरूपाबद्दलही मुलांना अंधारात ठेवले जाते. या क्षेत्रातल्या पहिल्या नोकऱ्या पुष्कळदा डिजिटायझेशनच्या असतात. उपग्रहाच्या चित्रावर दिसणारी घरे, रस्ते, विजेचे खांब, केबलचे मार्ग माऊसने आखायचे; दिवसाचे लक्ष्य ठरलेले, शिफ्ट ठरलेली. प्रामाणिक काम आहे आणि त्यावर अनेक घरे चालतात. पण नेमके हेच काम आता यंत्राकडे जाते आहे. गूगलने २०२१ पासून आणि मायक्रोसॉफ्टनेही इमारतींच्या बाह्यरेषा संगणकाकडून आपोआप काढून, त्या जगाला मोफत खुल्या केल्या आहेत. भारतातल्या इमारतीही त्यांत आल्या आहेत. फक्त रेघ ओढायला शिकवणारा अभ्यासक्रम आज दीड लाख खर्चून करणे म्हणजे मिटत चाललेल्या दारापाशी रांग लावणे आहे. यंत्राने आखलेली रेघ बरोबर की चूक हे ठरवणारा माणूस मात्र लागणारच. चित्रातला निळसर तुकडा शेततळे आहे की पत्र्याचे गोडाऊन, हिरवा पट्टा ऊस आहे की बाभळीचे बन, हे ओळखायला जमीन माहीत असावी लागते.

आणि इथेच भूगोलाच्या विद्यार्थ्याची खरी ताकद आहे, जिचा उल्लेख कोणतेही माहितीपत्रक करत नाही. माण-खटावचा पर्जन्यछायेचा प्रदेश, बेसॉल्टचे थर आणि त्यांमधून झिरपणारे पाणी, काळ्या जमिनीची खोली, घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या सोंडा, नदीचे बदललेले पात्र हे त्याने शिकलेले असते. एखाद्या पाझर तलावाची जागा नकाशावर सुरेख दिसते, पण खाली भेगाळलेला खडक असल्याने पाणी नको तिकडे निघून जाणार आहे, ही शंका त्याला यायला हवी. संगणक शिकलेला अभियंता ही शंका घेईलच असे नाही. भूगोल पक्का असेल तर जीआयएस हे त्याचे हत्यार होते. भूगोल कच्चा ठेवून फक्त हत्यार घेतले, तर त्याची स्पर्धा संगणक शाखेच्या मुलांशी होते आणि त्यात तो हरतो. म्हणून प्रमाणपत्राच्या नादात भूरूपशास्त्र आणि हवामानशास्त्र यांचे पेपर कसेबसे काढणाऱ्या मुलांना सांगावेसे वाटते की हा सौदा तोट्याचा आहे.

हे प्रमाणपत्र कोणाला उपयोगी पडते, याचा माझा अदमास असा आहे. ज्याच्याकडे आधीच एखादा पाया आहे त्याला. कृषी पदवीधर, स्थापत्य पदविकाधारक, नगररचनेत काम करणारा, पाणलोटाच्या कामातल्या संस्थेत असलेला कार्यकर्ता, नोकरीत असलेला तलाठी किंवा वनरक्षक यांना ते ताबडतोब कामी येते, कारण नकाशा कशासाठी काढायचा हे त्यांना ठाऊक असते. भूगोलाच्या पदवीधराला ते उपयोगी पडते ते पुढे भूमाहितीशास्त्रात एम.एस्सी. करायचे असेल तर, किंवा हातात स्वतः केलेले दोन-तीन चांगले नकाशे असतील तर. बी.ए. आणि प्रमाणपत्र, एवढ्याच बळावर पगार वाढतो असे मला दिसलेले नाही. अमेरिकेत जीआयएसपी ही व्यावसायिक मान्यता आहे, आणि ती वर्गात बसून मिळत नाही. त्यासाठी चार वर्षांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे. कामाचा पुरावा सगळीकडेच मागितला जातो.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात आणखी एक कागद वाढवला आहे. पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. भूगोलाचे एक वर्ष करून शिक्षण सोडणाऱ्या मुलाला हा कागद मिळेल. पण त्यावर नोकरी देणारे सेवाप्रवेश नियम असल्याशिवाय त्याचा उपयोग पुन्हा प्रवेश घेण्यापुरताच राहील. ज्यांना घरच्या अडचणीने शिक्षण सोडावे लागते, त्यांची यात फसगत होऊ नये.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे. भूगोल किंवा जीआयएसच्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या माहितीपत्रकावर हे प्रमाणपत्र कोणत्या सरकारी पदासाठी पात्रता म्हणून धरले जाते, ते पदाच्या नावानिशी छापा. कोणत्याही पदासाठी धरले जात नसेल तर तसे छापा. गेल्या तीन तुकड्यांतली किती मुले आज या क्षेत्रात काम करतात, कोणत्या हुद्द्यावर आणि किती पगारावर, हेही छापा. ज्या संस्थेचे काम चांगले आहे तिला यात भिण्यासारखे काही नाही, तिचे प्रवेश वाढतीलच. संलग्नता देताना विद्यापीठाने ही अट घालणे अगदी शक्य आहे.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे. मोजणीची प्रकरणे महिनोन्महिने तुंबतात, शेतकरी तातडीच्या मोजणीची फी भरून वाट पाहत राहतो. मोजणी आता रोव्हरवर आणि संगणकावर आली आहे. अशा वेळी भूगोलाच्या पदवीला सर्वेक्षणाचे ठरावीक श्रेयांक आणि क्षेत्रकामाचे ठरावीक तास जोडून, तो पदवीधर भूकरमापकाच्या परीक्षेला पात्र धरण्याचा विचार व्हायला हवा. परीक्षा कडक ठेवा, प्रत्यक्ष बांधावर घ्या, आयटीआयच्या मुलाइतकेच काम त्याच्याकडून करून दाखवून घ्या. पण दार उघडा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शेकडो महाविद्यालयांत भूगोल शिकवायचा आणि त्याच सरकारच्या नकाशाच्या खात्यात त्या भूगोलाला जागा नाही, ही विसंगती शिक्षण आणि महसूल या दोन खात्यांनी एकत्र बसून दूर करायची आहे. भूगोलाच्या प्राध्यापकांच्या संघटनांनी पुढच्या अधिवेशनात शोधनिबंधांच्या सत्रांतून अर्धा दिवस काढून या एका विषयावर ठराव करावा आणि तो मंत्रालयात नेऊन द्यावा.

तोवर पालकांना आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. पैसे भरण्यापूर्वी मोफत अभ्यासक्रमांतला एक पुरा करा आणि आपल्या गावचा गटाचा नकाशा बसवून पाहा. त्यात गोडी लागली, अडलात, आणि नेमके कुठे अडलात हे सांगता आले, तर मग संस्थेत जा. तिथल्या शिक्षकाला तीच अडचण विचारा, मागच्या तुकडीतल्या मुलाला भेटा, त्याने केलेला नकाशा पाहायला मागा. उत्तर समाधानकारक मिळाले तर फी द्या, घासाघीस करू नका. आणि ज्याला मोजणीच्या कामातच जायचे आहे त्याने आयटीआयच्या सर्वेक्षक अभ्यासक्रमाचा विचार कमीपणाचा मानू नये. दहावी उत्तीर्ण एवढीच त्याची अट आहे, शासकीय आयटीआयची फी खासगी प्रमाणपत्राच्या तुलनेत नगण्य आहे, आणि पदवी झालेल्यालाही तिथे प्रवेशासाठी अर्ज करता येतो.